गच्चीवरचे पाणी

नरकचतुर्दशीच्या स्नानाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे ते बहुतेक तेल, उटणे आणि कारीट यांच्याविषयी. ज्या ऊन पाण्यावाचून या तिहींचा काहीच उपयोग नाही, त्या पाण्याची हकीकत सांगावी असे फारसे कोणाला वाटलेले दिसत नाही. पाणी आपोआप येते आणि आपोआप तापते, अशी लिहिणाऱ्यांची समजूत असावी. आणि लिहिणारे बहुधा पुरुष होते हे लक्षात घेतले, तर ती समजूत कशी झाली हेही उघड आहे. घरातले पाणी शेकडो वर्षे माणसाच्या पायाखाली होते. ते डोक्यावर, म्हणजे गच्चीवर, जाऊन बसले ही अगदी अलीकडची गोष्ट. ते का वर गेले, आणि वर गेल्यावर सूर्याने त्याचा ताबा कसा घेतला, हा आपल्या घरगुती इतिहासातला एक मोठा पालट आहे, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत झालेला आहे.

पायाखालच्या पाण्याचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या हद्दीतच कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या डोंगरावर लेण्यालेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. माथ्यावरच्या कातळावर पडलेला पाऊस बारीक चरांनी फिरवून त्या टाक्यांत आणला आहे. शिलालेखांतून या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि कल्याण, सोपारा, चौल अशा बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी व त्यांच्या घरच्या मंडळींनी ती पुण्यार्थ दान दिली आहेत. म्हणजे छप्पर पाणी झेलण्यासाठी आणि साठा उंबऱ्याशी, जमिनीत! आठ महिने आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या या देशाने दोन हजार वर्षांपूर्वी बसविलेली ही व्यवस्था आहे. गडकोटांवरची टाकी त्याच कुळातली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे हे तर सांगितलेच आहे. पण एक झरा आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये, तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून जादा टाकी बांधून ठेवावी, असेही बजावले आहे. पाण्याच्या बाबतीत एकाच आधारावर विसंबू नये, ही शिकवण अठराव्या शतकाच्या आरंभीची आहे. तिची आठवण पुढे पुष्कळदा होईल.

पुण्यात पाणी खेळविले ते नानासाहेब पेशव्यांनी. कात्रजच्या तलावातून दगडविटांच्या भुयारी नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत आणले. वाटेत दम घेण्यासाठी ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. आणि पेठापेठांतून हौद बांधले. काळा हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या अजून तोंडी आहेत. या साऱ्या रचनेत कोठे यंत्र नाही. उंचावरून सखल जागी वाहण्याचा पाण्याचा जो स्वभाव, तेवढ्यावर सर्व चालले. परंतु हौदात पाणी आले म्हणजे सर्वांच्या घरात आले असे नव्हे. हौदावर कोणी जावे आणि कोणी जाऊ नये याचे कायदे पाण्याच्या स्वभावात नव्हते, ते माणसांनी केले होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक पाण्याच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांनी या दोन तारखा विसरू नयेत. पुढे नळ आला तेव्हा, याच नळाचे पाणी कोणाकोणाच्या घरी जाते या शंकेने पुष्कळ सोवळी मंडळी पिण्यास विहिरीचेच पाणी आणवीत असत. नळाला मात्र ती चौकशी कधी करता आली नाही.

हौदापासून मोरीपर्यंतचे पाणी वाहिले ते बायकांनी. पैसेवाल्यांकडे पाणक्या असे. बाकीच्या घरांत डोईवर हंडा, कमरेवर कळशी. मी ज्या वाड्यात वाढलो तेथे आड होता, आणि पहाटे रहाटाचा आवाज ऐकला की घरातले कोण उठले आहे ते अंथरुणातून सांगता येई. ते पाणी तापविण्याचे काम बंबाचे. तांब्याचे उभे पिंप, मधून आरपार नळकांडे, त्यात वरून लाकडाचे ढलपे, शेणी, नारळाच्या करवंट्या टाकावयाच्या, खाली जाळीतून राख पडावयाची, आणि बाजूच्या तोटीतून कढत पाणी काढावयाचे. जेवढे काढले तेवढे गार पाणी वरून ओतले नाही तर बंबाचा डाग सुटून तो गळू लागतो, हे प्रत्येक मुलाला दटावून शिकविलेले असे. बंब, पिंप आणि बादली हे तिन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले असे मानतात. न्हाणीघरातली अर्धी भाषा त्यांची म्हणावयाची! दिवाळीत बंब घासून लखलखीत करावयाचा, त्याला हळदकुंकू लावावयाचे. सण बंबाचा; त्याच्या धुराने पाणावलेले डोळे मात्र आईचे.

मुंबईचा प्रश्न पुण्याहून अवघड होता. बेटावर नदी नाही. विहिरी आणि तलाव एवढाच आधार. १८५४ च्या उन्हाळ्यात ते आटले, तेव्हा पाणी वाचविण्यासाठी शहरातली गुरे माहीमकडे हलवावी लागली. त्यानंतर विहारचे काम हाती घेण्यात आले आणि १८६० साली ते पाणी शहरात आले. १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा, १९५७ साली वैतरणा, असे मुंबईचे हात अधिकाधिक दूरवर पोचत गेले. मौज अशी की विहार आणि तुळशी ज्या रानात आहेत, तेथेच कान्हेरीचा डोंगर आहे. भिक्षूंनी दाराशी साठविले त्याच पावसाला शहराने धरण बांधून अडविले. पाणी आणून ते मलबार टेकडीसारख्या उंच जागी जलाशयात साठवावयाचे आणि तेथून खाली सोडावयाचे, हा बेत. ज्या हँगिंग गार्डनसमोरच्या उद्यानात मुले म्हातारीच्या बुटात शिरतात, त्या हँगिंग गार्डनच्या पोटात हे पाणी आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते.

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. टेकडीवरचा जलाशय जेवढ्या उंचीवर, तेवढ्या उंचीपर्यंत पाणी नळातून स्वतः चढू शकते. पण वाटेत हजारो तोट्या एकदम उघडल्या की तो जोर संपतो. शहर वाढले, मजले चढले, नळ तेच राहिले. मग पाणी वाटून देण्याचा उपाय निघाला: सकाळी या पेठेला, दुपारी त्या पेठेला. पाणी तासांवर आले, आणि माणसाला तर ते चोवीस तास हवे. या दोहोंच्या मधली जी फट, तिच्यात गच्चीवरची टाकी जन्मास आली. खाली जमिनीत एक हौद. नळाला येईल ते पाणी त्यात घ्यावयाचे. विजेच्या पंपाने ते वर चढवावयाचे. आणि वरून दिवसभर आपल्या तोट्यांना पुरवावयाचे. मलबार टेकडीवर सरकारने जे केले तेच प्रत्येक घराने आपल्यापुरते करून घेतले. घरटी एक टेकडी!

ही सोय आहे याविषयी वाद नाही. पण तिची एक बाजू आपण सहसा बोलून दाखवीत नाही. पाण्याची वेळ झाली की साऱ्या टाक्या एकदम तोंड उघडतात, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला जी घरे असतात त्यांच्यापर्यंत धार पोचतच नाही. मग कोणी नळालाच मोटार लावून पाणी ओढून घेतो. त्याचे पाहून शेजारी लावतो. मधल्या तासांत नळ रिकामे पडले की सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणजे नळाचा भरवसा नाही म्हणून टाकी, आणि टाक्या झाल्या म्हणून नळाचा भरवसा आणखी कमी. यातला प्रत्येक गृहस्थ शहाणाच असतो, आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज अशी येते.

टाकीबरोबर दुसरा एक पाहुणा वर गेला. मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून डॉ. बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला, तेव्हा त्यांनी घराघरांतल्या विहिरींकडे बोट दाखविले होते; हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यात, माणसाच्या शेजारी वाढतो. विहिरी झाकण्याचे हुकूम निघाले, त्यांना पारशी व हिंदू अशा दोन्ही समाजांतून धार्मिक कारणांनी विरोध झाला, आणि शेवटी पुष्कळ विहिरी झाकल्या किंवा बुजविल्या गेल्या. विहिरीवरचा डास मग टाकीवर आला. म्हणूनच मुंबईच्या महापालिका कायद्यात टाकीला डास शिरणार नाही असे झाकण आणि तपासनिसाला चढता येईल अशी शिडी, या दोन गोष्टींची तरतूद आहे. पावसाळ्यात पालिकेचा माणूस गच्चीची किल्ली मागावयास येतो तेव्हा आपण कपाळाला आठी घालतो. त्याच्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा असतो.

पूर्वी या टाक्या चुनेगच्ची, सिमेंटच्या किंवा जस्ती पत्र्याच्या असत. सिमेंटची तडकत, पत्र्याची गंजत. १९७५ साली गुजरातेत कलोल येथे भारत विजय मिल या कापडगिरणीने प्लास्टिकचा विभाग काढला, आणि त्यातून ‘सिंटेक्स’ ही काळी टाकी पुढे आली. आता कोणत्याही कंपनीची असो, लोक तिला सिंटेक्सच म्हणतात. रंग काळा ठेवण्यास कारण आहे. प्रकाश आत शिरला तर शेवाळ धरते, आणि काजळीच्या रंगाने प्लास्टिकही उन्हात टिकते. परंतु काळा रंग ऊन पितो हे त्याहून जुने सत्य! वैशाखात दुपारी दोन वाजता गार पाण्याची तोटी सोडावी आणि हात पोळावा, हा अनुभव सोलापूर, नागपूरपासून पुण्यापर्यंत सर्वांचा आहे. सूर्याने पाणी तापविण्याचे यंत्र आपण न मागता गच्चीवर नेऊन ठेवले होते; फक्त ते नको त्या ऋतूत चालत होते.

हव्या त्या वेळी ते चालावे ही खटपट मात्र बरीच जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अंक मुंबईत झाला. मुंबई हायकोर्टात विल्यम ॲडम्स नावाचे इंग्रज डेप्युटी रजिस्ट्रार होते. या उष्ण देशात लाकूड आणि कोळसा महाग, आणि ऊन फुकट वाया जाते, हे त्यांना सलत असे. मधल्या कुलाब्यात आपल्या बंगल्याच्या आवारात सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार रांग उभारून त्यांनी सूर्याचा कवडसा तांब्याच्या बाष्पपात्रावर एकवटला, आणि त्या वाफेवर एक लहानसे यंत्र चालवून दाखविले. त्यांनी एक सूर्यचूलही केली. थंडीतल्या जानेवारीत सात शिपायांचे जेवण तिने दोन तासांत शिजविले. १८७८ साली या साऱ्याचे पुस्तक मुंबईत छापले गेले. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता, असा त्याचा विषय. मुंबईने ते वाचले, कौतुक केले आणि बाजूस ठेवले. मला यात नवल वाटत नाही. आरसे सूर्याबरोबर फिरवीत बसावयास माणूस लागतो, आणि आपल्या घरात असा माणूस कोण असणार हे सांगावयास नको. १९५० नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तयार केलेली आरशाची चूलही याच कारणाने मागे पडली. भर दुपारी उन्हात उभे राहून, स्वयंपाकाची वेळ टळून गेल्यावर, भात शिजविण्याची हौस कोणाला?

पाणी तापविणे ही गोष्ट वेगळी. त्याला घाई नाही. ते दिवसभर तापले आणि उद्या पहाटे वापरले तरी चालते, एवढेच की रात्रभर ऊन राहिले पाहिजे. काच बसविलेल्या पेटीत उष्णता कोंडून राहते हे जिनीव्हाच्या द सोश्यूर यांनी १७६७ सालीच दाखविले होते. १८९१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प यांनी अशा पेटीत काळ्या टाक्या ठेवून ती छपरावर बसविण्याचे पेटंट घेतले. पण सूर्य मावळला की पाणीही मावळे. ती अडचण कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी १९०९ साली सोडविली. त्यांनी तापविणे आणि साठविणे वेगळे केले. काचेखाली काळ्या पत्र्यावर तांब्याच्या नळ्या. त्यांच्या वरच्या अंगास, उष्णता न जाणारे वेष्टन घातलेली टाकी. नळीतले पाणी तापले की हलके होऊन आपण होऊन टाकीत चढते, टाकीतले गार पाणी जड म्हणून खाली नळीत उतरते, आणि ऊन असेतो हा रहाट फिरत राहतो. पंप नको, वीज नको, जवळ माणूस नको. त्यांनी यंत्राला नावच ‘दिवस आणि रात्र’ असे दिले. पुढे लॉस एंजेलिसच्या परिसरात स्वस्त गॅस निघाला आणि तिथला हा धंदा बसला. स्वस्त इंधन मिळाले की माणूस सूर्याला विसरतो.

विसरणे परवडत नव्हते अशा एका देशात मग हे यंत्र रुजले, आणि त्या देशाशी आपले नाते मराठीचे आहे. इस्रायलमध्ये १९५० च्या सुमारास इंधनाची एवढी टंचाई होती की रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत पाणी तापविण्यास मनाई होती. १९५३ साली लेव्ही यिसार यांनी तेथे सूर्यबंब तयार केला. १९५५ साली हॅरी टेबर यांनी ऊन पिणारा पण उष्णता बाहेर न टाकणारा काळा थर शोधला. आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९८० साली, नव्या घरांवर हा बंब सक्तीचा झाला. कोकणातून गेलेले बेने इस्रायल, ज्यांना रायगडच्या खेड्यांतून शनवार तेली म्हणत, ते याच काळात लोद, रामले, दिमोना, बेरशेबा अशा गावी वसत होते. चुलीवर पाणी तापविणाऱ्या मराठी घरांनी सूर्यबंब पाहिला तो असा, आपल्या आधी. शनिवारी विस्तव न पेटविणाऱ्या समाजाला या ऊन पाण्याचे विशेष अप्रूप. अर्थात ते त्या दिवशी घ्यावे की नाही यावर त्यांच्या धर्मपंडितांनीही पुष्कळ खल केला आहे!

त्या भागात छपरे पाहिली की पाण्याचा इतिहास वाचता येतो. जेथे नळ चोवीस तास वाहतो तेथे छपरावर फक्त सूर्यबंब. शेजारच्या पॅलेस्टिनी वस्त्यांत त्याच्या जोडीला गार पाण्याच्या काळ्या टाक्यांची रांग, कारण तेथे पाणी पाळीपाळीने येते. जॉर्डनच्या अम्मान शहरात १९८७ पासून पाण्याची रेशनिंग आहे. कित्येक वस्त्यांना आठवड्यातून एकदाच पाणी मिळते, आणि टाकीवर टाकी चढते.

आपली छपरे त्याच दुसऱ्या प्रकारची. आणि येथे टंचाईने आपल्यावर नकळत एक उपकार केला. सूर्यबंबाला गार पाणी त्याच्याहून उंचावरून, संथपणे, सतत मिळावे लागते. ते देणारी टाकी गच्चीवर आधीच होती! चौथऱ्यावर गार पाण्याची टाकी, तिच्या खाली बंबाची टाकी, तिच्या खाली दक्षिणेकडे तोंड करून तिरपी मांडलेली काच: ही उतरंड पुण्यात घरोघर दिसू लागली. शंभर लिटर पाण्याला सुमारे दोन चौरस मीटर काच पुरते आणि पाणी साठ अंशांपर्यंत तापते. सरकारने अनुदाने दिली, पुणे महापालिकेने मालमत्ता करात सवलत ठेवली, बंगळुरूत २००७ साली नव्या घरांना सक्ती झाली. लोकांनी नाम टाकून विशेषण तेवढे ठेवले, आणि ‘आमच्याकडे सोलर आहे’ असे म्हणू लागले. पहाटे उठून बंब पेटविणारी बाई या एका वस्तूने खरोखर मोकळी झाली. वीजही वाचली, सकाळी सहा ते नऊ या वेळेत गीझर किती वीज ओढतात हे वीज कंपनीला विचारावे.

टंचाईने जे दिले ते तिने दुसऱ्या हाताने काढूनही घेतले. नळाचे पाणी पुरेना म्हणून बोअरचे आणि टँकरचे पाणी टाकीत आले, ते जड. त्याचा क्षार तांब्याच्या नळ्यांत धरतो, आणि काही वर्षांत रहाट थांबतो. चीनमधून आलेल्या निर्वात काचनळ्यांनी ही अडचण थोडी हलकी केली. शिवाय सोलरची तोटी सोडली की आधी नळातले गार पाणी वाहून जाते. चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत ते बादलीभर सहज भरते. शहाण्या घरांत ती बादली बाजूला धरून धुण्याला वापरतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आणखी एक गोष्ट कळली. वर सूर्य तळपत असे, खालचा हौद भरलेला असे, पण पंपाला वीज नसल्याने या दोघांची भेट होत नसे. एकाच आधारावर विसंबू नये असे म्हणणाऱ्या अमात्यांची आठवण मला तेव्हा झाली.

आणि पाणीच नसेल तर? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले, आणि पुण्याचे नळ बंद पडले, तेव्हा जुन्या विहिरी आणि हौद लोकांच्या कामी आले. आज त्यांतले बरेच बुजले आहेत. २०१६ साली लातूरला पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या महिन्यांत लातूरच्या गच्च्यांवरच्या टाक्या नुसत्या उन्हात तापत होत्या. टँकर वर ओतीत नाही. तो दारातल्या पिंपात ओततो. ज्यांना गच्चीच नाही त्यांचे निळे पिंप बाराही महिने दारातच असते. पत्र्याच्या छपरावर टाकी ठरत नाही आणि काचही ठरत नाही. त्यांच्या घरी पाणी अजून पायाशीच आहे, आणि ते अजून कमरेवरूनच येते. शहरात सर्वांत महाग पाणी, लिटरमागे हिशोब केला तर, बहुधा तेच लोक विकत घेतात.

गच्चीवाल्यांचीही आता ओढाताण सुरू झाली आहे. चार मजल्यांची आणि बारा बिऱ्हाडांची इमारत पाडून तेथे वीस मजले उठले. माणसे अनेकपट झाली, गच्ची तेवढीच राहिली. त्यामुळे ऊन पाणी वरच्या काही मजल्यांना, आणि खालच्यांना गीझर. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने घरांवर सूर्यवीज बसविण्याची नवी योजना काढली, आणि विजेच्या निळ्या तावदानांनीही गच्चीवर हक्क सांगितला. आमच्या सोसायटीच्या सभेत याच विषयावर दोन तास गेले. टाकी हलविता येत नाही, कारण तिच्यावर सर्वांचे पाणी. सोलर काढता येत नाही, कारण वरच्या मजल्यांचा विरोध. विजेची तावदाने टाकीच्या सावलीत चालत नाहीत. शेवटी पश्चिमेची बाजू विजेला द्यावी असे ठरत आले, तोच तळमजल्यावरच्या आजींनी उन्हाळ्यात कुरडया कोठे घालावयाच्या असे विचारले. सेक्रेटरींनी तो मुद्दा इतिवृत्तात नोंदवून घेतला असून, टाकी आणि काचा यांच्या मधली सहा फुटांची पट्टी होळीपासून मृगापर्यंत रिकामी ठेवावी, असा ठराव बिनविरोध मंजूर झाला आहे.